कारण सांगणारा भाष्यकार

सेमिनरीतून बाहेर पडलेल्या तरुण उपदेशकाच्या कपाटात पाहिले, तर त्यातले फार थोडे भाष्यग्रंथ त्याने स्वतः निवडलेले असतात. काही एखाद्या निवृत्त पाळकाच्या घरून आलेले असतात, काही पदवीदानाच्या दिवशी भेट मिळालेले असतात, तर काही एखाद्या मेळाव्यात अर्ध्या किमतीत मिळाले म्हणून घेतलेले असतात. अलीकडे या सगळ्यांपेक्षा मोठी भर पडली आहे ती मोबाइलमधल्या फुकट ग्रंथालयाची. बायबलचे कोणतेही ॲप उघडा, तिथे मॅथ्यू हेन्री, ॲडम क्लार्क, अल्बर्ट बार्न्स आणि जेमिसन-फॉसेट-ब्राउन ही मंडळी हजर असतात. ती शेजारी शेजारी बसली आहेत कारण त्यांचे कॉपीराइट कधीच संपले आहेत. जे फुकट मिळते ते वाचले जाते आणि शनिवारी रात्री जे वाचले जाते ते रविवारी सकाळी मंडळीच्या कानी पडते. म्हणजे मंडळीने काय ऐकावे हे बऱ्याच अंशी कॉपीराइटचा कायदा ठरवतो आहे, आणि ही गोष्ट आपण फारशी मनावर घेतलेली नाही.

हे जुने ग्रंथ टाकाऊ आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. मॅथ्यू हेन्रीइतका जिव्हाळा आजच्या विद्वानांत क्वचितच सापडतो. शास्त्रातला एखादा उतारा माणसाच्या रोजच्या जगण्यात, त्याच्या घरात, रागालोभात, आजारपणात कसा उतरवावा हे त्याच्याकडूनच शिकावे. पण १७१४ साली तो वारला तेव्हा त्याचे काम प्रेषितांच्या कृत्यांपर्यंतच झाले होते. रोमकरांस पत्रापासून प्रकटीकरणापर्यंतचा भाग इतर पाळकांनी मिळून पूर्ण केला. तेव्हा ‘रोमकरांस आठव्या अध्यायावर मॅथ्यू हेन्री असे म्हणतो’ हे वाक्य व्यासपीठावरून येते तेव्हा ते दुसऱ्याच कोणाचे तरी असते. ॲडम क्लार्क हा अफाट वाचनाचा मेथडिस्ट विद्वान. पण एदेन बागेतला सर्प हा साप नसून वानरजातीचा प्राणी होता, असे त्याने उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायावर गंभीरपणे आणि पानेच्या पाने लिहून ठेवले आहे. शिवाय या सर्वांनी लिहिले तेव्हा इजिप्तमधल्या ऑक्सिऱ्हिंकसच्या उकिरड्यांतून पपायरसचे कागद निघायचे होते. ते खोदकाम १८९६ साली सुरू झाले आणि नव्या कराराची ग्रीक ही बाजारहाटाची, घरच्या पत्रांची, कर्जाच्या पावत्यांची भाषा होती हे त्यानंतर सर्वांच्या नीट ध्यानात आले. कुमरानच्या गुहा तर १९४७ पर्यंत बंदच होत्या. तिथे सापडलेली यशयाची गुंडाळी तोवर हाती असलेल्या हिब्रू हस्तलिखितांपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली. ज्याला हे ठाऊक असणे शक्यच नव्हते, त्याला त्याबद्दल दोष देता येत नाही. पण केवळ त्याच्याच भरवशावर आज उपदेश करणाऱ्याला तो द्यावा लागतो.

काही भाविक याच्याही मागे जातात. पवित्र शास्त्र हाती आहे, पवित्र आत्मा शिकवणारा आहे, मग माणसांची पुस्तके कशाला, असे ते विचारतात. लंडनच्या चार्ल्स स्पर्जनला त्याच्या विद्यार्थ्यांत असे लोक भेटले होते. १८७६ साली छापलेल्या आपल्या व्याख्यानांत त्याने त्यांना सुनावले की आत्म्याने आपल्याला काय प्रकट केले याची थोरवी गाणारे लोक तोच आत्मा दुसऱ्यांना काय प्रकट करतो याकडे मात्र ढुंकून पाहत नाहीत. पुढे त्याने हजाराहून अधिक भाष्यग्रंथांची यादी दिली आणि प्रत्येकाखाली आपला रोखठोक अभिप्राय लिहिला. मराठी माणसाला तर हा प्रश्न पडूच नये. आपल्या भाषेचा मानबिंदू असलेली ज्ञानेश्वरी हीच मुळी एक टीका आहे आणि आधीच्या भाष्यकारांचे ऋण ज्ञानेश्वरांनी ग्रंथातच मान्य केले आहे.

भाष्ये हवीत, हे मी गृहीत धरतो. प्रश्न निवडीचा आहे आणि माझ्या मते निवडीची मुख्य कसोटी एकच आहे. भाष्यकार कारणे सांगतो की नुसता निष्कर्ष हातावर ठेवतो? लेखकाचा पंथ, त्याची कीर्ती, मालिकेचे नाव, छपाई या सगळ्या नंतरच्या गोष्टी. चांगला भाष्यकार आधी अडचण मान्य करतो. या ओळीचे दोन-तीन अर्थ लागू शकतात, अमुक विद्वान असा लावतो, तमुक तसा, पहिल्याच्या बाजूने हा पुरावा, दुसऱ्याच्या बाजूने तो, मला दुसरा पटतो, पण तिसऱ्या मुद्द्यावर माझी खात्री नाही, असे तो उघड लिहितो. अशा लेखकाशी उपदेशक असहमत होऊ शकतो, कारण असहमत होण्याचे साहित्य लेखकानेच पुरवलेले असते. निष्कर्षवाल्या लेखकापुढे दोनच मार्ग उरतात. एक तर डोळे मिटून मान्य करायचे, नाही तर पुस्तक मिटायचे. त्यातला पहिला मार्ग सोपा असल्याने आपल्याकडे बहुतेक उपदेश तिथूनच जातात.

कारणे सांगायची तर ग्रंथ जाडजूड होणारच, असे मात्र नाही. जॉन कॅल्विनने १५४० साली रोमकरांस पत्रावरचे आपले भाष्य प्रसिद्ध केले. त्याच्या अर्पणपत्रात, मित्र सायमन ग्रिनेउसला उद्देशून, त्याने हाच प्रश्न हाताळला आहे. आधीच्या भाष्यकारांपैकी मेलांख्थॉनने फक्त महत्त्वाचे मुद्दे उचलले आणि पुष्कळ ओळी तशाच सोडल्या. ब्युत्सरने काहीच सोडले नाही, पण कामात बुडालेल्या माणसाला ते वाचवत नाही. कॅल्विनच्या मते लेखकाचे मन उलगडून दाखवणे हे भाष्यकाराचे काम आणि सुबोध संक्षेप हा त्याचा मोठा गुण. जवळजवळ पाच शतकांनंतरही पुस्तकांच्या दुकानात उभ्या असलेल्या उपदेशकापुढची अडचण हीच आहे. एका हातात काही न सांगणारे पातळ पुस्तक आणि दुसऱ्या हातात सगळे सांगणारे नऊशे पानांचे.

ही कसोटी प्रत्यक्षात कशी लागते हे पाहण्यासाठी मी लूकच्या सोळाव्या अध्यायातला अन्यायी कारभाऱ्याचा दाखला घेतो. उपदेशकांना घाम फोडणारा दाखला आहे हा. कारभारी धन्याची मालमत्ता उडवतो आणि पकडला जातो. हिशेब दे, तुझे काम गेले, असे धनी सांगतो. खणायला अंगात जोर नाही, भीक मागायची लाज वाटते. मग तो धन्याच्या ऋणकऱ्यांना एकेक करून बोलावतो. तेलाची शंभर मापे देणे असलेल्याला पन्नास लिहायला लावतो, गव्हाची शंभर मापे असलेल्याला ऐंशी. आणि धनी त्याची वाहवा करतो! लबाडाची स्तुती प्रभू येशूच्या तोंडी आली कशी?

जुन्या भाष्यांत याचे उत्तर पटकन मिळते. स्तुती लबाडीची नाही, दूरदृष्टीची आहे, तसे तुम्हीही ऐहिक धनाचा उपयोग पुढच्या जीवनासाठी करा. कॅल्विन तर बजावतो की दाखल्यातल्या बारीकसारीक तपशिलांचे अर्थ लावत बसणे हाच वेडेपणा. शेजाऱ्यांशी उदारपणे वागा एवढाच त्याचा रोख. उत्तर चुकीचे नाही, पण ऐकणाऱ्याच्या मनातला काटा तसाच राहतो. कर्ज दुसऱ्याचे, सूट देणारा भलताच, आणि ज्याचे बुडाले तोच खूश?

१९६१ साली जे. डंकन एम. डेरेट या इंग्रज अभ्यासकाने वेगळे उत्तर मांडले. डेरेट हा लंडन विद्यापीठात पौर्वात्य कायद्यांचा प्राध्यापक होता आणि हिंदू धर्मशास्त्र व हिंदू कायदा यांवरचा त्याचा अधिकार भारतातले कायदेतज्ज्ञही मानत. कर्जरोखे कसे लिहिले जातात हे त्याला ठाऊक होते. मोशेच्या नियमशास्त्राने यहुद्याला यहुद्याकडून व्याज घ्यायला मनाई केली होती. म्हणून व्याज मुद्दलातच मिसळून रोखा तेलाच्या किंवा गव्हाच्या मापांत लिहून घेत. पन्नास मापे दिली, शंभर लिहिली. कारभाऱ्याने ऋणकऱ्यांना सोडले ते हे दडलेले व्याज. त्यामुळे तो देवाच्या नियमाला धरून वागला, आणि धन्याला तोंड उघडण्याची सोय उरली नाही, कारण तक्रार करायची तर आपण व्याज खातो हे गावापुढे कबूल करावे लागले असते. तेलावरची सूट मोठी आणि गव्हावरची लहान का, याचाही उलगडा यातून होतो. तेलात भेसळ सोपी, म्हणून त्यावरचा दर चढा. अमेरिकन जेझुइट जोसेफ फिट्झमायरने थोडी वेगळी वाट धरली. त्याच्या मते सोडलेली रक्कम कारभाऱ्याची स्वतःची दलाली होती, धन्याचे काहीच बुडाले नाही.

मग आला केनेथ बेली. इजिप्त, लेबनॉन आणि आसपासच्या देशांत आयुष्याची चाळीसेक वर्षे शिकवण्यात घालवलेला हा माणूस. तिथल्या शेतकऱ्यांना तो दाखले सांगायचा आणि यातल्या कोणाचे वागणे तुम्हाला विचित्र वाटते, असे विचारायचा. १९७६ साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्याने व्याजाचा आणि दलालीचा असे दोन्ही खुलासे नाकारले. त्याच्या मते हे ऋणकरी म्हणजे जमीन कसणारी कुळे आणि ही मापे म्हणजे ठरलेला खंड. दाखल्याची किल्ली कारभाऱ्यात नसून धन्यात आहे. धन्याने त्याला तुरुंगात टाकले नाही, नुकसानही भरून मागितले नाही, नुसते काढून टाकले. तेवढ्यावरून कारभाऱ्याने ओळखले की हा माणूस दयाळू आहे आणि आपले सर्वस्व त्याने त्या दयेवर लावले. सूट धन्याच्या हुकुमाने मिळाली असे समजून कुळे घरोघर त्याचे गुण गात असणार. आता सूट मागे घेतली तर शिव्याशाप, राहू दिली तर औदार्याची कीर्ती. धनी दुसरी वाट निवडतो. उधळ्या पुत्राचा दाखला याच्या लगेच आधी येतो, तिथेही उधळणारा वाचतो तो बापाच्या स्वभावामुळे. बेलीच्या हातात हा दाखला देवाच्या स्वभावावरचा होतो.

कोणता बरोबर? मला बेलीचे वाचन कथेच्या घडणीला सर्वांत जवळचे वाटते. तरीही त्याच्यावरचा आक्षेप मी वाचकापासून लपवणार नाही. विसाव्या शतकातल्या लेबनॉनच्या खेड्यावरून पहिल्या शतकातल्या गालीलाचे अनुमान कितपत करावे, असे त्याचे टीकाकार विचारतात आणि ते रास्त आहे. माझा मुद्दा एवढाच की डेरेट, फिट्झमायर, बेली हे तिघेही आपली कारणे टेबलावर मांडतात. त्यांना वाचलेला उपदेशक चौथ्यांदा तोच दाखला उघडतो तेव्हा त्याला तो आधीपेक्षा जास्त दिसतो, जरी त्याने तिघांचेही निष्कर्ष नाकारले तरी.

आणि इथेच आपल्या मातीतला उपदेशक या विद्वानांच्या पुढे एक पाऊल टाकू शकतो. सुप्याला १८७५ च्या मे महिन्यात शेतकऱ्यांनी सावकारांची घरेदुकाने गाठली आणि कर्जरोखे बाहेर काढून जाळले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत ते लोण पसरले आणि १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. पुढे १९४८ चा कूळकायदा आला. खंड, कूळ, रोखा, अंगठा हे शब्द अहमदनगरकडच्या मंडळीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. त्या मंडळीपुढे डेरेटचे वाचन क्षणात पेट घेईल. लिहिलेले शंभर, दिलेले पन्नास, हे त्यांच्या आज्यापणज्यांनी भोगलेले आहे. पण म्हणूनच इथे जपायला हवे. जे वाचन आपल्या लोकांना भिडते ते खरेच असते असे नाही. ते भिडते म्हणून निवडायचे की कारणे टिकतात म्हणून, हा निर्णय उपदेशकाने शनिवारी एकट्याने करायचा असतो. ज्याच्या कपाटात फक्त निष्कर्षांची पुस्तके आहेत त्याच्या हाती हा निर्णय करण्याचे साधनच नसते.

यातून खरेदीचा एक नियम निघतो. संपूर्ण संच घेऊ नये. मालिकेचे संपादक चांगले असले तरी मालिकेतले प्रत्येक पुस्तक चांगले नसते. एखाद्या संचात रोमकरांसवर ग्रंथराज असतो आणि गणनावर कंटाळवाणा खर्डा. जे पुस्तक येत्या वर्षी शिकवायचे आहे त्यावरची दोन-तीन भाष्ये लेखक पाहून घ्यावीत. मार्कावर उपदेश करणार असाल तर मार्कावरची, मग पुढच्या वर्षी दुसरी. दहा वर्षांत जे कपाट भरेल त्यातले प्रत्येक पुस्तक वापरलेले असेल, समासात पेन्सिलीच्या खुणा असतील. पैसे कमी असतील तर टिंडेल मालिकेतला डेरेक किडनर आठवावा. उत्पत्ती, स्तोत्रसंहिता, नीतिसूत्रे यांवरची त्याची पुस्तके १९६४ ते १९७५ या काळातली, आकाराने लहान, आणि एकेका परिच्छेदात इतरांच्या चार पानांचा ऐवज. कॅल्विनला हवा असलेला सुबोध संक्षेप विसाव्या शतकात कोणाकडे असेल तर तो त्याच्याकडे. याउलट प्रकटीकरणावरची पुस्तके आपल्याकडे गरजेपेक्षा फार घेतली जातात. कॅल्विनने त्यावर भाष्य लिहिलेच नाही. मी तर म्हणेन, रिचर्ड बॉकमचे १९९३ चे प्रकटीकरणाच्या धर्मज्ञानावरचे छोटे पुस्तक नीट वाचावे आणि शेवटच्या काळाचे तक्ते काढणारी बाकीची पुस्तके दुकानातच राहू द्यावीत.

तीन भाष्ये एकच सांगतात म्हणजे गोष्ट सिद्ध झाली, असेही समजू नये. भाष्यकार एकमेकांचे वाचून लिहितात, काही वेळा नको तितके वाचून. २०१६ साली अमेरिकेतल्या एर्डमन्स या नामवंत प्रकाशनाने एका प्रतिष्ठित अभ्यासकाची नव्या करारावरची तीन भाष्ये बाजारातून मागे घेतली, कारण त्यांत इतरांचा मजकूर श्रेय न देता आला होता. ती पुस्तके जगभरच्या पाळकांनी विश्वासाने वापरली होती. म्हणून कपाटात तीन आवाज हवेत तर ते खरोखर तीन असावेत आणि त्यांतला निदान एक आपल्या पंथाबाहेरचा असावा. प्रॉटेस्टंट उपदेशकाने योहानावर रेमंड ब्राउन हा कॅथलिक वाचावा. त्याचे दोन खंड १९६६ आणि १९७० सालचे, आणि कारणे दाखवण्याच्या बाबतीत त्याच्याइतका प्रामाणिक लेखक विरळा.

जुन्या करारावर तर निदान एक यहुदी भाष्यकार हवाच. हे मी सौजन्य म्हणून सांगत नाही. १९७७ साली ई. पी. सँडर्सचा पौल आणि पॅलेस्टाइनमधला यहुदी धर्म यांवरचा ग्रंथ आला आणि त्याने एक अप्रिय गोष्ट पुढे आणली. पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती भाष्यकारांनी पहिल्या शतकातल्या यहुदी धर्माचे चित्र स्वतःच्या वादांच्या सोयीने रंगवले होते. परूशी म्हणजे कोरडा, ढोंगी, पुण्याचा हिशेब मांडणारा माणूस, हे चित्र ल्यूथरच्या रोमशी झालेल्या भांडणातून मागे जाऊन पौलाच्या पत्रांवर चिकटले. सँडर्सच्या सगळ्या म्हणण्याशी सहमत व्हायला हवे असे नाही. डग्लस मू आणि जेम्स डन यांची रोमकरांसवरची भाष्ये शेजारी ठेवली की वाद अजून किती जिवंत आहे हे कळते. पण सँडर्सच्या आधीची भाष्ये वाचताना सावध राहावेच लागते, कारण त्या चित्राची किंमत युरोपातल्या यहुद्यांनी रक्ताने मोजली आहे. आणि आपल्यासाठी तर हा दूरचा विषय नाही. कोकणातले बेने इस्राएल शेकडो वर्षे मराठी बोलत आले, अलिबाग-पेणच्या गावांत तेल गाळत आले, आपल्या सणांना मराठीत कीर्तने करत आले. त्यांचे सिनेगॉग मुंबईत आजही उभे आहेत. मराठीत परूश्यांवर बोलताना उपदेशकाने असे बोलावे की शेजारच्या बाकावर त्यांच्यातला कोणी बसला असता तरी त्याला ते खोटे वाटले नसते. उत्पत्तीवर नाहुम सार्ना किंवा गणनावर जेकब मिलग्रोम हाताशी असले की खोटी वाटणारी वाक्ये आपोआप गळतात.

स्त्रियांची भाष्ये आपल्या कपाटांत जवळपास नसतात, हे मला फार खटकते. ज्या प्रांतात पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीने संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले, केडगावच्या मुक्ती सदनात ते मुलींच्या हातांनी जुळवले आणि छापले गेले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली ते प्रसिद्ध झाले, त्या प्रांतात हे घडावे? मलाखी, दानीएल आणि एस्तेर यांवर जॉइस बाल्डविन, मार्कावर मोर्ना हुकर, ही दोन नावे घेऊन सुरुवात करता येईल. हुकरचे मार्कावरचे भाष्य तर स्त्रीचे म्हणून नव्हे, ते त्या शुभवर्तमानावरच्या उत्तम भाष्यांपैकी आहे म्हणून घ्यावे.

आपल्या भूमीतून लिहिलेले काय आहे? २०१५ साली ब्रायन विंटल यांच्या संपादनाखाली दक्षिण आशियाई अभ्यासकांनी संपूर्ण बायबलवर एका खंडाचे भाष्य तयार केले. त्याच्या नऊ वर्षे आधी आफ्रिकेने तसाच खंड काढला होता. एका खंडात सहासष्ट पुस्तके बसवायची तर कारणांना जागा थोडीच मिळणार, आणि तसेच झाले आहे. पण जात, पूर्वजपूजा, हुंडा, दुसऱ्या धर्मांतले शेजारी, अल्पसंख्य म्हणून जगणे हे प्रश्न तिथे भाष्याच्या ओघात येतात. ते लंडन-शिकागोच्या पुस्तकांत येत नाहीत आणि येण्याची अपेक्षाही नाही. हा खंड पहिले भाष्य म्हणून नको, पण शेवटचे म्हणून प्रत्येकाच्या टेबलावर असावा.

मराठीत मात्र कपाट विरळ आहे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून निघू लागला, नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभले. ख्रिस्ती मराठीला ओवी मिळाली, अभंग मिळाला, उत्तम गद्य मिळाले. पण लूकवर, रोमकरांसवर, यशयावर मूळ भाषांतून वाचून, वाद मांडून, निर्णय देऊन लिहिलेली सविस्तर भाष्यांची ओळ मराठीत उभी राहिली नाही. त्यामुळे सोलापूर-जालन्याकडचा उपदेशक दर आठवड्याला एक काम करतो ज्याची कुठे नोंद होत नाही. इंग्रजी भाष्यातला युक्तिवाद तो मनात मराठीत उलगडतो, त्यातली क्रिकेटची आणि बर्फाची उदाहरणे बाजूला ठेवतो, आणि उरलेले ज्वारी-कापसाच्या माणसांपुढे बोलतो. युक्तिवाद नसलेले, नुसत्या दृष्टान्तांनी भरलेले पुस्तक त्याच्या कामाला येत नाही ते यामुळेच. दृष्टान्त परके असतात, कारणे परकी नसतात.

वेळेचा आणि पैशांचा प्रश्न खोटा नाही. तीन गावांची मंडळी, आठवड्यात दोन दफनविधी, घरभेटी, शाळेची कामे आणि तुटपुंजा पगार. बाहेरून येणारे एकेक भाष्य हजारो रुपयांचे. अशा माणसाला मी म्हणेन, विल्यम बार्कले जवळ असेल तर तो टाकू नये. त्याची पार्श्वभूमीची माहिती रसाळ आहे आणि तो शक्यताही मांडतो. पाच हजारांना जेवू घातल्याच्या प्रसंगावर तो एकाहून अधिक खुलासे देतो आणि त्यांतला एक म्हणजे लोकांनी लपवलेल्या शिदोऱ्या सोडल्या, हा. व्यासपीठावर मात्र अनेकदा तेवढाच पोचतो आणि ‘बार्कले म्हणतो’ एवढ्या आधारावर चमत्काराचा निकाल लागतो. दोष बार्कलेचा कमी, घाईचा जास्त. वेळ कमी असेल तर पाच भाष्यांतली एकेक ओळ वेचण्यापेक्षा एकाच भाष्याची त्या उताऱ्यावरची सगळी पाने वाचावीत, आणि तीही उतारा स्वतः दोन-तीनदा वाचून आपले प्रश्न कागदावर लिहिल्यानंतर. प्रश्न नसताना उघडलेले भाष्य उत्तम असले तरी मुके असते.

पैशांचे उत्तर उपदेशकाकडून मागणे मला अन्यायाचे वाटते. इंग्लंडच्या जॉन स्टॉटने आपल्या पुस्तकांचे मानधन गरीब देशांतल्या पाळकांना ग्रंथ मिळावेत यासाठी वळवले, त्यासाठी १९७१ मध्ये स्वतंत्र न्यास काढला. परदेशातल्या एका माणसाला जे सुचले ते आपल्या मंडळ्यांना सुचायला हरकत नाही. ध्वनिक्षेपक आणि नव्या खुर्च्यांसाठी वर्गणी निघते. वार्षिक अंदाजपत्रकात ‘पाळकांची पुस्तके’ अशी एक ओळ घालावी आणि रक्कम दोन चांगल्या भाष्यांपुरती धरावी. कोणते पुस्तक घेतले आणि का घेतले हे पाळकाने वार्षिक सभेत पाच मिनिटांत सांगावे. बदली झाली की ही पुस्तके मंडळीकडे राहावीत. लूकवर घेतलेला बेली किंवा फिट्झमायर पुढच्या पाळकाला तयार मिळेल, आधीच्याच्या समासातल्या शंकांसकट, आणि तो वाचनालयाच्या कुलूपबंद कपाटात न ठेवता पाळकगृहातल्या टेबलावर ठेवावा.